बालाजीचा गेम कॉम्प्युटरात घेताना

प्रत्येक गल्लीत एक घर असं असतं की तिथं आधी वस्तू येते, मग तिच्यामागून माणूस येतो, माणूस चहा पितो आणि उठताना एखादा किस्सा मागे ठेवून जातो. लातूरला ट्यूशनच्या गल्लीतलं आमचं भाड्याचं घर त्यातलंच. मी मूळचा नांदेडचा, पाटबंधारे खात्यात कारकून, बदलीवर लातूरला आलेलो. घरात एक कॉम्प्युटर होता आणि त्यात एक कार्ड बसवलेलं होतं. तेवढ्या भांडवलावर इतकं काही साठलं की आजही नांदेडला कुणाच्या लग्नात भेटलो तर मित्र बाजूला ओढतात आणि म्हणतात, "तुझ्या त्या भुताच्या कॉम्प्युटरचं सांग." भूत हा शब्द माझा नाही. मी आपला झालं तसं सांगतो.

कार्ड माझं नव्हतं, नईमचं होतं. नईम लग्नाच्या शूटिंगचा धंदा करायचा. व्हीसीआरमधलं लग्न कॉम्प्युटरात घ्यायचं आणि त्याची सीडी करून द्यायची, यासाठी त्याने ते कार्ड हैदराबादहून आणलं होतं. त्याच्या घरी टेबल ठेवायला जागा नव्हती, म्हणून माझ्या घरी. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, एवढंच शास्त्र. तीच पिन व्हीसीआरऐवजी टीव्ही गेमला लावली तर गेमही कॉम्प्युटरात उतरतो, हे एका रविवारी आम्हाला कळलं आणि सोमवारी अख्ख्या गल्लीतल्या क्लासच्या पोरांना कळलं. पोरांना पुरावा हवा असायचा. शेवटची स्टेज मारली असं नुसतं तोंडाने सांगून होस्टेलवर कोण विश्वास ठेवतो!

पण ज्याच्यासाठी हे सगळं लक्षात राहिलं तो बालाजी. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, दिवसभर नोट्सच्या झेरॉक्स काढायचा. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातला. भूकंपात त्याचा धाकटा भाऊ अनिल गेला, अकरा वर्षांचा. घराच्या ढिगाऱ्यातून जे काही निघालं त्यात मामाने आणलेला टीव्ही गेम होता, एका कोपऱ्याला चिरलेला, पण चालू. त्यातला दोन बंदूकवाल्यांचा गेम दोघं भाऊ मिळून खेळायचे आणि शेवटच्या स्टेजच्या अलीकडेच मरायचे. शेवटी काय होतं ते अनिलला बघायचं होतं, ते राहूनच गेलं. आता गेम तापून मधेच बंद पडायला लागला होता आणि मेकॅनिकने हात टेकले होते. बालाजीची एकच इच्छा होती. तो गेम बंद पडायच्या आत शेवटपर्यंत खेळायचा आणि कॉम्प्युटरात घेऊन ठेवायचा.

"एकदा शेवट घिऊन ठिवू भाऊ," तो मला म्हणाला, "मंग जाऊ द्या त्याला."

*

पहिल्या रविवारी बालाजी चटईवर मांडी घालून बसला. आपला रिमोट हातात घेतला आणि दुसरा रिमोट डाव्या बाजूला चटईवर नीट ठेवला. गेम सुरू केला तोही दोघांचा! पडद्यावर दोन माणसं उतरली. बालाजीचा माणूस तसाच थांबून राहिला. दुसरा उभ्या उभ्या तीनदा गोळी खाऊन मेला, त्याचे जीव संपले, आणि मग बालाजी एकटा पुढे निघाला.

मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाला, सुरू दोघांनीच करायची सवय आहे, एकट्याचं बटण दाबायला हात धजत नाही. नईम जरा हसला. मी डोळ्याने दटावल्यावर गप्प बसला.

अठरा-एकोणीस मिनिटांनी बालाजी धबधब्याच्या स्टेजवर पोचला आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा धबधब्यावरच थांबलं. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा बालाजीने रिमोट खाली ठेवला. त्याच्या कपाळावर घाम होता. गावाकडं इथंच लाइट जायची, असं काहीतरी तो पुटपुटला.

कारण दोन दिवसांनी नईमने शोधून काढलं. फाइल दोन जीबीची झाली की आमचं कार्ड थांबायचं, आणि बालाजीचा हात इतका बसलेला की तेवढ्या वेळात तो दरवेळी धबधब्यापर्यंतच यायचा. आम्ही स्टेजप्रमाणे तुकडे करून घ्यायचं ठरवलं. बालाजीने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. तरी पुढे कधीही धबधबा आला की तो श्वास रोखून धरायचा आणि पार होईपर्यंत सोडायचा नाही.

*

दाराला नईमने एक पाटी लावली होती, "कॅसेटमधलं काढून सीडी करून मिळेल". आता आपल्याकडे लग्नाचीही कॅसेट असते आणि गेमचीही कॅसेटच असते. हा घोळ आमच्या लक्षात यायला मुखेडच्या एक बाई याव्या लागल्या.

त्यांचा मुलगा गल्लीतल्याच होस्टेलला बारावीचा क्लास करत होता. भेटीचा रविवार महिन्यातून एकच, आणि बाई नेमक्या चुकीच्या रविवारी एसटीने आल्या होत्या. रेक्टरने दारातूनच परत पाठवलं. जाता जाता त्यांनी आमची पाटी वाचली. पिशवीतून रुमालात बांधलेली गेमची कॅसेट काढून त्यांनी टेबलावर ठेवली. होस्टेलला न्यायला परवानगी नव्हती म्हणून मुलाने ती घरीच ठेवली होती, आणि आज त्याला दाखवायला म्हणून त्यांनी ती आणली होती.

"ह्यात माझं लेकरू हाय," बाई म्हणाल्या. "दोन वर्सं ह्याच्यातच व्हतं. तेवढं काढून द्या."

नईम हसायला गेला आणि मधेच थांबला. माझी बायको सुनंदा आतून आली, तिने बाईंना खुर्ची दिली. यात तसं काही नसतं हे सांगायची जबाबदारी माझ्यावर आली आणि मला ते सांगता आलं नाही. मी कॅसेट बालाजीच्या गेममध्ये घातली आणि सोडून दिली. आता हे गेम असे असतात की कुणी बटण दाबलं नाही तर थोड्या वेळाने आपले आपणच खेळून दाखवतात, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून. तसा एक बुटका माणूस पडद्यावर धावायला लागला, दोन उड्या मारल्या आणि तिसऱ्या खड्ड्यात पडला.

"तसंच," बाई म्हणाल्या. "तिथंच पडतो बघा. मी भाकरी करताना मागून बघत राहायची."

तो नमुना पाच-सहा वेळा झाला. दरवेळी त्याच खड्ड्यात पडला, आणि बाई दरवेळी जीभ चुकचुकून मायेने हसल्या. आम्ही तेवढं कॉम्प्युटरात घेतलं, सीडीवर सुनंदाने मुलाचं नाव लिहिलं. बाई चारच्या मुखेड गाडीने गेल्या. जाताना चेहरा असा की जणू भेट झाली.

संध्याकाळी ती फाइल पुसायच्या आधी मी एकदा बघितली. नमुना हा नमुनाच असतो, तो बदलत नाही. पण शेवटच्या फेरीत तो बुटका माणूस तिसऱ्या खड्ड्यापाशी येतो, काठाला थांबतो आणि मग चित्र जातं. नईमचं म्हणणं, असे नमुने दोन-दोन भरलेले असतात. असतीलही. ती फाइल मात्र मी पुसली नाही.

*

एक किस्सा फिजिक्सच्या सरांचाही सांगितला पाहिजे, नाहीतर गल्लीवर अन्याय होईल. आपली पोरं इथं येऊन बसतात असा सुगावा लागल्यावर सर छापा घालायला आले. पोरं मागच्या दाराने पसार झाली. सर खेळ बघत उभे राहिले, मग चटईवर टेकले, मग रिमोट हातात घेतला आणि दोन तास उठले नाहीत. उठताना त्यांनाही सीडी हवी होती! फक्त वर नाव वेगळं लिहा म्हणाले. आम्ही लिहिलं, "रोटेशनल मोशन".

आठ दिवसांत ती सीडी पोरांच्या हाती लागली आणि अख्ख्या बॅचने अभ्यासाची समजून कॉपी मारली. त्यात आमचा आणखी एक पराक्रम होता. आवाजाची सेटिंग चुकून माइकवर राहिली होती, त्यामुळे गेमच्या आवाजाऐवजी खोलीतलं बोलणं भरलं गेलं होतं. म्हणजे पडद्यावर गाडी पळतेय आणि मागून सर स्वतःलाच शिव्या देतायत.

एवढं हसण्यावारी गेलं. पण दोन-तीन पोरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की सरांच्या मागे हळू आवाजात आकडे कोण मोजतंय. मी आवाज मोठा करून ऐकलं. कुणीतरी खरंच मोजत होतं, एक, दोन, तीन, आणि पुन्हा एक. समोरच्या क्लासची हजेरी खिडकीतून आली असणार, असं नईमने सांगितलं. मला ते पटलंही होतं. नंतर आठवलं की सर आमच्याकडे आले ती दुपार रविवारची होती आणि समोरचा क्लास बंद होता.

*

गेम खेळताना चित्र टीव्हीवर आधी दिसायचं आणि कॉम्प्युटरवर डोळ्याची पापणी लवेल एवढ्या उशिरा. कार्डाला तेवढा वेळ लागायचा. त्यामुळे टीव्हीवर माणूस मेला की मान वळवून कॉम्प्युटरवर तोच पुन्हा मरताना बघता यायचा. पोरांना त्याची भारी मजा वाटायची. सुनंदाला मुळीच आवडायचं नाही. एकदा मेलेल्याला परत मरताना काय बघायचं, असं तिचं म्हणणं.

एका दुपारी बालाजी खेळत होता. मी कॉम्प्युटरकडे बघत होतो, सुनंदा टीव्हीकडे. बालाजीचा माणूस पुलावरून खाली गेला आणि मी म्हणालो, अरेरे, गेला. सुनंदा म्हणाली, "कुठं गेला? चालतोय की."

आणि मग टीव्हीवर गेला.

 नईमने नेहमीप्रमाणे घसा साफ केला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हाला पूल दिसला ना, तुम्ही अंदाजाने बोलून गेले." मी म्हणालो, असेल बाबा. या माणसाला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं आणि ते ऐकून आपल्याला आणखीच चुळबूळ होते.

बालाजीने गेम थांबवला, उठला आणि कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे फिरवून ठेवला. त्यानंतर तो खेळताना पडदा नेहमी भिंतीकडेच असायचा.

"आधी कळून तरी काय करावं भाऊ?" तो म्हणाला. "पळायला तेवढा टाइम पुरत न्हाई."

*

पुढचा किस्सा लातूरच्या बाहेर सांगितला की लोक पोट धरून हसतात. लातूरमध्ये सांगितला की हसत नाहीत.

एका पोराने नव्या तऱ्हेचा गेम आणला होता. त्याचा रिमोट धक्का बसला की हातात थरथरायचा. त्या दिवशी आधी त्या पोराचं रेकॉर्डिंग होतं आणि नंतर बालाजीचं. बालाजीचा जुना गेम पिना लावून चटईवर तयार ठेवलेला होता, पंखाही त्याच्याकडेच लावलेला. ते पोरगं पाणी प्यायला उठलं आणि त्याने रिमोट ठेवला तो लोखंडी कपाटावरच्या स्टीलच्या ताटात. पडद्यावर त्याची गाडी कुठंतरी आदळली, रिमोट थरथरला, ताट वाजायला लागलं, ताटातला तांब्या वाजायला लागला, आणि कपाटाचं दार कडकड करायला लागलं.

सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "भूकंप!"

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मीच सगळ्यात पुढे होतो. आम्ही बाहेर आलो ते बघून शेजारचे बाहेर आले, ते बघून समोरचा बायोलॉजीचा क्लास रिकामा झाला, मग होस्टेल. पाच मिनिटांत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आणि गंमत अशी की पुष्कळ लोकांना धक्का जाणवलाही होता! एका आजोबांनी तर तो कुठून कुठे गेला ती दिशा दाखवली. खुद्द फिजिक्सच्या सरांच्या भिंतीवरचं घड्याळ थांबलं होतं, ते मी माझ्या डोळ्याने पाहिलं.

सगळे आलेत का बघावं म्हणून मी मोजायला लागलो. बालाजी नव्हता.  मग दारातून तो आला, अनवाणी, जुना गेम छातीशी धरलेला, मागे पिना आणि वायरी फरफटत. घाईत ओढल्यामुळे पिवळ्या पिनेचं सॉकेटच उपटून निघालं होतं. तोवर ते पोरगं हातात रिमोट घेऊन खरं काय ते सांगत होतं आणि लोक हसायला लागले होते. कुणीतरी बालाजीलाही टोकलं, जीव वाचवायचा सोडून खेळणं कशाला घेऊन आलास म्हणून.

बालाजी हसला नाही, चिडलाही नाही. गेमवरची धूळ शर्टाने पुसत म्हणाला, "मागल्या बारीला मोकळ्या हातानं पळालो व्हतो."

मग लोक हळूहळू आपापल्या घरात गेले.

*

सॉकेट नईमने डाग देऊन बसवलं, पण मार लागल्यापासून गेम जास्तच तापायला लागला. आता एकदाच चालेल, नईमने सांगून टाकलं. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून आम्ही दुपारी चारची वेळ धरली. गेमचं वरचं झाकण काढलं, टेबलफॅन अगदी जवळ ठेवला. बालाजी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. दुसरा रिमोट नेहमीसारखा डाव्या बाजूला. दुसरा माणूस नेहमीसारखा पहिल्याच स्टेजला तीनदा मेला.

त्या दिवशी बालाजी जसा खेळला तसं मी कुणाला खेळताना पाहिलं नाही. धबधबा गेला, बर्फ गेला, आग गेली. शेवटच्या स्टेजच्या तोंडाशी त्याने गेम थांबवला, तो मला कॉम्प्युटरचा पडदा जरा वळवून फाइल बदलता यावी म्हणून. वर कोपऱ्यात त्याच्या जिवांचे तीन बिल्ले शिल्लक होते. सुनंदाने चहा आणला. त्याने कप घेतला, पण प्यायला नाही.

मग पडद्याकडे बघतच तो बोलला. या गेममध्ये एक सोय होती. आपले जीव संपले की बटण दाबून जोडीदाराचा एक जीव घेता येतो. अनिलचे नेहमी आधी संपायचे आणि तो मागे लागायचा, दादा, एक जीव दे. बालाजी कधी द्यायचा, कधी नाही. गणपती बोळवले त्या दिवशीही, म्हणजे भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी, दोघं खेळायला बसले होते.

"लई मागं लागला व्हता त्या दिवशी," बालाजी म्हणाला. "म्या त्याच्या हातातून रिमोट काढून घितला. झोप म्हणलो."

त्याने कप खाली ठेवला आणि गेम पुढे सुरू केला.

आता कोण कुठे होतं ते सांगतो, कारण हे मला पुन्हा पुन्हा विचारलं जातं. मी माउसवर हात ठेवून कॉम्प्युटरपाशी. सुनंदा दारात. नईम बालाजीच्या उजवीकडे, उघड्या गेमवर हात धरून किती तापला ते बघत. डावीकडे चटईवर फक्त रिमोट.

शेवटच्या दारापाशी बालाजी पोचला. त्याला गोळी लागली नव्हती, तो पडला नव्हता. आणि वरच्या तीन बिल्ल्यांचे दोन झाले. पडद्याच्या वरून दुसरा माणूस खाली उतरला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

 दुसरा माणूस नुसता उभा होता. समोरून गोळी आली, ती त्याला लागली आणि तो नाहीसा झाला.

नईम अगदी हळू आवाजात म्हणाला की तापून कॉन्टॅक्ट चिकटला असेल, बटण आपोआप दबतंय, असे सगळे जीव जातील आणि शेवट राहून जाईल. दुसऱ्या रिमोटची वायर उपटायला त्याने हात पुढे केला. बालाजीने पडद्यावरची नजर न काढता त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या नईमभाई," तो म्हणाला. "माझ्याकडं अजून दोन हायत."

दोन बिल्ल्यांचा एक झाला. दुसरा माणूस पुन्हा उतरला. बालाजीने आपला माणूस पुढे नेऊन त्याच्यासमोर उभा केला आणि समोरून येणारा एकेक जण तो लांबूनच टिपत गेला, एकही जवळ येऊ दिला नाही. दार फुटायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

शेवट आला तेव्हा पडद्यावर दोघंही होते.